एकाच्या पुढची जागा

आष्टा,
ता. १२ सप्टेंबर १९४३

चि. मनूस दादाचा आशीर्वाद.

फेब्रुवारीत तार आली तवापास्नं तुझी दोन ओळींची कार्डं येत्यात. 'मी बरी आहे, शाळा चालू आहे.' आज जरा लांब उत्तर दे, काम हाय.

यंदा दिवाळीच्या पाडव्याला विक्रमराजाचं दोन हजारावं साल लागतंय. सांगलीत तयारी चाललीय, मग आष्ट्यानं मागं का ऱ्हावं? आमी कमिटी केली. अध्यक्ष मलाच केलं, पेन्शनर हवालदार म्हणून. लेझीम, झेंडा, भाषण. हँडबिलं सांगलीला छापायला गेली. परवानगीचा अर्ज वर गेलाय. हल्ली चार माणसं एका जागी बसली तरी पोलिसांना घाम फुटतो, पण विक्रमराजाला कोण अडवणार?

त्याच दिशी चावडीच्या कट्ट्याला एक दगड बसवायचा हाय. या लढाईत गावची तीन पोरं गेली. चौथं नाव तुझ्या लेकाचं, आपल्या जोतीरामाचं. त्याचं गाव रहिमतपूर असलं तरी आजोळ आष्टा, आन् भरती इथनंच झाला. अक्षरं मौला कोरणार. तोच मौला, भांड्यांवर नावं घालणारा. आईच्या घागरीवर नाव घालून घ्यायला तूच त्याच्यापुढं तासभर बसली हुतीस.

नाव, गाव, वय एवढंच कोरायचं. पलटणीच्या कागदावर वय एकोणीस हाय, तेच घालतो. फोटो असंल तर धाड, सभेत लावू. पाडव्याला ये, भाऊबीज करून जा.

तुझा,
लालासाहेब


रहिमतपूर,
ता. १९ सप्टेंबर १९४३

ती. दादास मनूचा नमस्कार.

पत्र मिळाले. फोटो एकच आहे. तो देणार नाही.

उत्सवाविषयी लिहिते, कारण शाळेत गणित मीच शिकवते. दोन हजारावे वर्ष लागणे आणि दोन हजार वर्षे पुरी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. येत्या पाडव्याला एक हजार नऊशे नव्व्याण्णव पुरी होतात. दोन हजार पुरी होतील पुढच्या वर्षीच्या पाडव्याला, आणि तिसरे सहस्रक त्या दिवशी सुरू होईल. काल तिसरीच्या मुलींना विचारले. सातजणींनी बरोबर सांगितले. शिवाय आपले साल शकाचे, ते चैत्रात गुढीबरोबर बदलते. कार्तिकातले साल व्यापाऱ्यांचे. पण तुम्हाला घाई असेल तर करा. घाई तुमच्या स्वभावातच आहे.

जोतीराम एकोणीस वर्षांचा नव्हता. त्याचा जन्म ११ जानेवारी १९२५ चा. तुम्ही बारशाला होता. तो गेला १८ फेब्रुवारी १९४३ ला. अठरा वर्षे, एक महिना, सात दिवस. आदल्या वर्षीच्या मार्चमध्ये तुम्ही त्याला भरतीला नेलेत, तेव्हा सतरा पुरी होऊन दोन महिने झाले होते. भरतीला अठरा पुरी लागतात. तुम्ही तिथे अठरा सांगितलीत.

दगडावर अठरा घाला. ते जमत नसेल तर त्याचे नाव घालू नका. मी येणार नाही.

मनू


आष्टा,
ता. २७ सप्टेंबर १९४३

चि. मनूस आशीर्वाद.

तुझ्या पत्रातला वरचा भाग कमिटीत वाचून दाखवला. आप्पासो म्हणाला, "हवालदार, तुमची बहीण विक्रमराजाला एक वर्ष नापास करती की!" लय हसले लोक. मौला म्हणाला, "आमचं हिजरी साल तर अजून तेराशे बासष्टच चाललंय. दगड तवर ठेवू का माझ्या अंगणात?"

आता माझं ऐक. गुढी कवा उभारतात? साल सुरू हुताना. साल संपल्यावर कुणी गुढी उभारलेली बघितलीस? वाणी नवी वही पाडव्याला पुजतो, भरल्यावर न्हाई. आन् आई काय म्हणायची? "लालाला सातवं लागलं." लागलं की झालं. गावात असंच मोजत्यात आन् असंच मोजत ऱ्हाणार, तुझ्या सातजणी काय बी म्हणू देत.

जोतीरामाला अठरावं लागलं हुतं. व्हय, मी अठरा सांगितली. चूक असंल तर ती माझी हाय, दुसऱ्या कुणाची न्हाई. पण दगडावर अठरा घालणार न्हाई. कारण विचारू नगंस.

आन् एक. पोरगं माझ्याकडं पळून आलं ते कशापायी, ह्याचा बी कधी विचार कर. तू घरात बोलत न्हाईस, मनू. बाप गेल्यापास्नं त्या पोरानं तुझ्या घरात शाळेची घंटा सोडून दुसरा आवाज ऐकला नव्हता.

लालासाहेब


रहिमतपूर,
ता. ५ ऑक्टोबर १९४३

रा. रा. लालासाहेब ढोले, अध्यक्ष, विक्रम उत्सव कमिटी, आष्टा, यांस.

गुढी वर्षाच्या आरंभी उभारतात, हे मान्य आहे. नव्या वहीचेही मान्य. पण गुढी उभारली म्हणून वर्ष पुरे होत नाही, आणि वही पुजली म्हणून ती भरत नाही.

आई आपली वये सांगायची ती शेजारणीला. तिच्या सांगण्यावरून कोणी तुमच्या हातात बंदूक दिली नाही.

जोतीरामला अठरा पुरी झाली ११ जानेवारीला. दुसऱ्याच दिवशी तुम्ही त्याला भरती केले असते, तरी १८ फेब्रुवारीला तो बेळगावच्या बराकीत पायाला पट्ट्या गुंडाळायला शिकत असता. पाच आठवड्यांचे शिपाई ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर धाडत नाहीत, हे हवालदाराला मी सांगायला नको. तुम्ही एक वर्ष अगोदर मोजलेत. त्या एका वर्षात तो गेला.

अठरा का घालत नाही ते मला कळते. दगडावर अठरा आले की येणाराजाणारा बोटे मोजील, आणि हवालदार सरकारी मेजापुढे खोटे बोलला हे गावाला कळेल. तुम्हाला तुमची अब्रू हवी. ती सांभाळा.

मी घरात बोलत नाही हे खरे आहे.

भाऊबीजेला येऊ नका. मी ओवाळणार नाही.

मनुबाई कणसे


आष्टा,
ता. ५ नोव्हेंबर १९४३

चि. मनूस.

नावापुढं पदव्या लावून मारायची रीत शाळेत शिकवत्यात वाटतं. मी आपलं 'चि.'च लिहितो.

पाडवा झाला. लेझमीला परवानगी मिळाली, मिरवणुकीला न्हाई. निम्मी तरणी पोरं आलीच न्हाईत. पाठीमागनं कोण तरी ओरडलं, "सरकारच्या हवालदाराचं साल!" मी मागं वळून बघितलं न्हाई. त्यात इथला मास्तर सभेत उठला आन् म्हणाला, रहिमतपूरच्या बाई बरोबर हायत, दोन हजार पुरी झालीच न्हाईत. झालं! 'लागलं'वाले एकीकडं, 'पुरं'वाले एकीकडं. साखरेची एवढी टंचाई, तरी कमिटीतल्या कोंडीबानं कुठनं तरी जिलेबी पैदा केली हुती. 'पुरं'वाल्यांनी ती बी खाल्ली. म्हणाले, पुढच्या वर्षीची आगाऊ खातो.

दगड बसला.

दुसऱ्या दिशी भाऊबीज. तू नको म्हणालीस तरी मी सकाळच्या मोटारीनं सांगली गाठली, तिथनं गाडी, दुपारी रहिमतपूर. तुझ्या घराला कुलूप. शाळेला सुट्टी, पण शाळेचं दार आतनं लावलेलं. खिडकीतनं बघितलं. तू फळ्याकडं तोंड करून बाकावर बसली हुतीस. पन्नास वर्षांचा माणूस मी, खिडकीखाली हातात लुगडं घेऊन उभा. पोरं बघत हुती. हाक मारली न्हाई. लुगडं पायरीवर ठेवलं आन् परत स्टेशनवर आलो.

लालासाहेब


रहिमतपूर,
ता. १० नोव्हेंबर १९४३

लालासाहेब यांस.

लुगडे पार्सलने परत केले आहे. पोच द्यावी.

दगड बसला एवढेच लिहिलेत. त्यावर काय कोरले ते लिहिले नाहीत, म्हणजे एकोणीसच असणार. तेव्हा आता मी पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करते. मयत शिपाई जोतीराम कणसे याचे वय कागदोपत्री चुकीचे आहे, ते दुरुस्त करावे, आणि भरतीच्या वेळी ते कोणी व कशाच्या आधारे सांगितले याची चौकशी व्हावी.

मनुबाई कणसे


आष्टा,
ता. १४ नोव्हेंबर १९४३

मनू,

अर्ज धाडू नगंस. मला काय बोलायचं ते बोल, गावापुढं बोल, चावडीवर उभं करून बोल. पण अर्ज नगं. चौकशी झाली तर ती थांबवणं माझ्या हातात न्हाई.

थोरला असून पाया पडतो, असं समज.

दादा


रहिमतपूर,
ता. १८ नोव्हेंबर १९४३

लालासाहेब यांस.

तुम्ही घाबरला आहात हे कळले. अर्ज महिनाअखेरीस टपालात पडेल.

मनुबाई कणसे


आष्टा,
ता. २४ नोव्हेंबर १९४३

वन्संस्नी राहीबाईचा नमस्कार.

मला लिवाय येत न्हाई हे तुमास्नी ठावं हाय. मौलाची हाजराबी लिवून देती, ती चार बुकं शिकल्याली हाय. मी सांगत्ये तसंच लिव म्हणून तिला शपथ घातलीया. घरधनी मळ्यात पाणी पाजायला गेल्यात. त्यांना ह्यातलं काय बी ठावं न्हाई.

आवं वन्सं, किती भाजून काढशीला त्या माणसाला? तुमची चिठ्ठी आली की जेवत न्हाईत. पानावर बसत्यात, भाकरी मोडत्यात, आन् उठत्यात. परवा मी म्हनलं, "सांगून टाका की त्यास्नी." तर माझ्यावर वरडलं, "जीभ आवर!" मी काय त्यांच्या पलटणीत न्हाई जीभ आवराय.

जोती पळून आला तवा ह्यांनी त्याला हाकललं. "वय भरू दे, मग ये, मी सोता नेतो," म्हनलं. दोन बाऱ्या त्याला मोटारीत बसवून माघारी धाडला. दोनी बाऱ्या पोरगं पुढच्या नाक्यावर उतरून चालत आलं. तिसऱ्या बारीला त्यानं खिशातनं कागद काढला. शाळेचा दाखला. तुमच्या शाळेचा, तुमच्या ट्रंकंतला. त्यावर साल चोवीस. खाली सही तुमची.

हे म्हनलं, "आरं, ह्यो आकडा चुकलाय. मी तुझ्या बारशाला हुतो."

तर जोती म्हनला, "मामा, माझी आई गणित शिकवती. ती चुकती व्हय?"

मग हे त्याला घिऊन भरतीला गेलं. भरतीत ह्यांना कुणी वय इचारलंच न्हाई, वन्सं. सायबानं कागद बघितला, छाती मोजली, आन् घेतलं. ह्यांनी अठरा सांगितली न्हाईत. तुमीच म्हनला की त्यांनी सांगितली, तर ते बी व्हय म्हनलं. 'लागलं' आन् 'पुरं' म्हणून भांडलं ते बी तेवढ्यासाठीच. मला म्हनलं, "मनूला वाटू दे माझी चूक. तिची नोकरी जाईल, ती जाऊ दे एक येळ, पर तिला आठवलं तर ती जगायची न्हाई."

आन् दगडाचं सांगत्ये. एकोणीस न्हाई कोरलं. पाडव्याच्या आदल्या दिशी मौलाला म्हनलं, "एक काढ आन् थांब." खोटा आकडा घालवंना, खरा घालता येईना. एकाच्या पुढं जागा मोकळी हाय. पोरं हसत्यात, "एक वर्साचा शिपाई!" म्हनत्यात. तरी हे रोज चावडीवर जाऊन त्याच कट्ट्यावर बसत्यात.

(मी हाजराबी. माझे दोन शब्द. आमच्या घरातून चावडीवरनंच वाट आहे. मौला त्या दगडाकडे बघत नाहीत. म्हणतात, अर्धं सोडलेलं काम आहे, मान वर होत नाही.)

त्यो दाखला ह्यांनी भरतीतनं माघारी आणून जपून ठेवला हुता, त्यो ह्या पाकिटात घातलाय. तुमचा हाय, तुमीच ठेवा. अर्ज धाडायचा का न्हाई ते बी तुमी बघा. हे मला बोलतील. बोलू देत.

राहीबाई


रहिमतपूर,
ता. ५ ऑक्टोबर १९४४

ती. दादास मनूचा साष्टांग नमस्कार.

दहा महिन्यांत मी उत्तर दिले नाही. तुमची तीन कार्डे आली, ती ठेवली आहेत.

वहिनींवर रागावू नका. अर्ज लिहून पाकिटात घातला होता. महिनाअखेर उलटली तरी तो टेबलावरच होता. तो धाडायचा धीर मला वहिनींचे पत्र येण्याआधीही झाला नव्हता.

त्यांच्या पत्रातून मला नवे काही कळले नाही. जोती घर सोडून गेला त्याच दिवशी मी ट्रंक उघडली होती. तळाला दाखल्याची नक्कल असे, ती नव्हती. त्याने ती कशासाठी नेली हेही कळले. मी त्याच दिवशी आष्ट्याला तार केली असती तर तुम्ही त्याला थांबवला असता. तार करायची तर मजकूर लिहावा लागला असता. पोस्टात दहा मिनिटे उभी राहिले आणि परत आले.

१९२९ चा जून. त्याचे वडील जाऊन तीन महिने झाले होते. मुलींच्या शाळेत मला जागा मिळाली. पोराला सांभाळायला घरी कोणी नव्हते. पहिलीच्या आधीच्या बिगरीत लहान मुलगे घेत, पण पाच पुरी लागत. त्याला पाचवे लागले होते. मी शाळेच्या रजिस्टरात पाच लिहिले. १९२५ च्या जागी १९२४. शिक्षिकेनेच लिहिलेले साल कोणी तपासत नाही. तो पहिल्या रांगेत बसायचा. मला बरे वाटायचे.

तुम्ही 'लागलं' म्हणालात, मी 'पुरं' म्हणाले. 'लागलं' धरून चालले ते मी. तुमच्यावर राग होता तोवर ते रजिस्टर उघडावे लागत नव्हते. तुम्हाला जे लिहिले ते सगळे मी लिहिले आहे. परत घेते म्हटल्याने ते जात नाही.

जानेवारीत, त्याच्या जन्मतारखेला, रजिस्टर घेऊन शाळा मंडळाच्या साहेबांपुढे गेले. त्यांनी आधी मला पाणी दिले. नंतर चौकशी लावली. ती ऑगस्टपर्यंत चालली. हेडबाईची जागा गेली. नोकरी ठेवली आहे, पण दिवाळीनंतर तालुक्यातल्या दुसऱ्या गावी हजर व्हायचे आहे. रजिस्टरात चोवीसवर तांबडी रेघ आहे, वर पंचवीस, बाजूला साहेबांची सही. उतारा मी स्वतः रेकॉर्ड ऑफिसला धाडला. नोंद घेतली असे त्यांचे उत्तर गेल्या आठवड्यात आले. तुमच्याविषयी कोणी काही विचारले नाही. मीही तुमचे नाव कोठे घातले नाही.

आता दगडावर अठरा घालायला कोणाची अडचण नाही.

येत्या पाडव्याला दोन हजार पुरी होतात. माझे ते मत कायम आहे. भाऊबीजेला तुम्ही येऊ नका. मी येते. सकाळच्या गाडीने सांगली, तिथून मोटार. चावडीपाशी उतरेन. लुगडे वहिनींनी ठेवले असेल तर नेसेन.

मनू


आष्टा,
ता. ११ ऑक्टोबर १९४४

चि. मनूस दादाचा आशीर्वाद.

राहीला लय बोललो. ती मला त्याच्या दुप्पट बोलली. लुगडं तिनं ठेवलंय.

रजिस्टर घेऊन एकटी गेलीस. मला एक कार्ड टाकलं असतंस तर बाहेरच्या बाकावर तरी बसलो असतो. ह्याचा मला राग हाय, आन् तो ऱ्हाणार. त्या पोस्टातल्या दहा मिनिटांचं काय म्हणू ते मला सुचत न्हाई, म्हणून काय म्हणत न्हाई. आन् दोन हजार गेल्या वर्षीच लागलं. 'पुरं'वाल्यांनी यंदा जिलेबी मागितली तर मी म्हणणार, तुमी खाल्लीय.

मौला छिन्नीला धार लावून बसलाय. म्हणतो, आठ काढायला तासभर लागंल, उद्याच काढतो. मी त्याला थांब म्हटलंय. तू आल्यावर त्या एकाच्या पुढं तू तुझ्या हातानं आठ काढ, तो त्याच्यावरनं छिन्नी चालवंल.

येताना शाळेचा खडू आण. इथला भुसभुशीत हाय, दगडावर उमटत न्हाई.

दादा